चार प्रोसेसर एका टॅबवरून: यूएसबी, आरएस-४८५ का लॅन?

दिवाळी झाली, मंडई (गावची जत्रा आणि रातभर नाटक) लागली, की झाडीपट्टीतले (पूर्व विदर्भातले) साउंड सिस्टिमवाले पोट्टे हेच विचारून राहिले असतात, भाऊ, स्टेजला दोन प्रोसेसर (स्पीकरचा आवाज सेट करायचे डबे), मागं डिले टॉवरला (मागच्या लोकांसाठी उभे केलेले, आवाज थोडा उशिरा सोडणारे स्पीकर) दोन, हे सगळे एका जागेवरून कसे चालवायचे? रस्ते तीन आहेत, यूएसबी, आरएस-४८५ (जुन्या पद्धतीची डेटा लाइन) आणि लॅन (कॉम्प्युटर नेटवर्कची केबल). पण पैसे लावायच्या आधी एक समजून घ्या, या वायरीतून फक्त कंट्रोल जाते, आवाज नाई, त्यामुळं कंट्रोल तुटला तरी प्रोसेसर शेवटच्या सेटिंगवर वाजत राहते. नाटक थांबत नाई.

यूएसबीचं लवकर सांगतो. केबल ५ मीटरच्या पुढं भरवशाची नाई, म्हणजे लॅपटॉप रॅकजवळच ठेवा लागते. एकच रॅक असन तर चालते, टॉवर असन तर विसरा.

आरएस-४८५ जुनं आहे पण दमदार. बेहरिंजरच्या डीसीएक्स२४९६ प्रोसेसरला मागं लिंकचे दोन सॉकेट असतात, दिसायला अगदी लॅनसारखे, पण ते लॅन नाई, नेटवर्क स्विचमध्ये (लॅनच्या केबली जोडायची पेटी) खुपसू नका. एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ होते आणि हरेक डब्याला वेगळा आयडी द्या लागते. या पद्धतीची लाइन १२०० मीटरपर्यंत जाऊ शकते, लॅनची एक केबल १०० मीटरलाच संपते, म्हणून लांबीत हे भारी. पण मधातली वायर तुटली की पुढचे सगळे डबे गेले, आणि लॅपटॉपला बहुतेक सिरियल कन्व्हर्टर लागतो. घरी असे डबे आधीच पडले असतील तर फेकू नका, नवीन मात्र यासाठी घेऊ नका.

माझं मत लॅनकडं आहे. डीबीएक्सच्या व्हेन्यू३६० प्रोसेसरला इथरनेटचं (लॅनचं) सॉकेट असते, ॲप टॅबवर चालते. घेताना दुकानातच दोन युनिट एका ॲपमध्ये लावून पहा, नुसत्या बोलण्यावर जाऊ नका. स्विचपासून हरेक डब्याला वेगळी केबल, म्हणजे एक तुटली तर तेवढाच एक जाईल. आयपी (हरेक डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता) फिक्स करा, १९२.१६८.१.११, १२, १३ असे, आणि रॅकवर टेप लावून मार्करनं लिहून ठेवा, अंधारात रात्री दोन वाजता तेच कामी येते. टॅबसाठी लावलेल्या वायफाय राउटरला इंटरनेट लागत नाई, उलट इंटरनेट नसलं की फोन स्वतःच वायफाय सोडून मोबाइल डेटावर पळते, म्हणून डेटा बंदच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर गर्दीतल्या फोनांचा गोंधळ असते, ५ वर ठेवा आणि राउटर बांबूवर उंच बांधा, कारण माणसांची अंगंच सिग्नल खातात.

काही जण म्हणतात एवढा खटाटोप काऊन, एकदा सेट केलं की झालं. नाई होत! संध्याकाळी २५ अंश असते तेव्हा ४० मीटरवरच्या टॉवरचा डिले साधारण ११५ मिलिसेकंद बसते, पहाटे १२ अंशावर आलं की थंड हवेत आवाज हळू जाते, म्हणून तोच ११८ लागते, टॉवर जवळपास एक मीटर मागं नेल्यासारखं. मागच्या शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया नाटकातला एक एक शब्द ऐकायला शाल पांघरून बसलेल्या असतात, तिथं जाऊन टॅबवरून दोन-तीन मिलिसेकंद सरकवले की बोलणं साफ होते, हे मी कानानं अनुभवलंय.

वायफाय फक्त हातातल्या टॅबसाठी, डब्यापर्यंत मात्र वायरच न्या. मागच्या सीझनला कापणी झालेल्या बांधीत (शेतात) केबल उघडी टाकली होती, बैलगाडी गेली वरून, प्लगची ती प्लास्टिकची जीभ तुटली आणि टॅबवरून टॉवर गायब झाला. आवाज चालूच होता, पण डिले हलवता येईना, आणि पहाटेपर्यंत मागचे लोक तसेच ऐकत बसले. तेव्हापासून इथरकॉनचे धातूच्या कवचाचे प्लग लावले, केबल धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) कडेनं नेतो आणि टॉवरला दोन टाकतो, दुसरी स्विचजवळ मोकळी.