किराणा दुकानातला बारकोड स्कॅनर जुन्या व्हिडिओ गेमच्या यादीला कितपत पुरतो?

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर बिल करताना टिकटिकतो तो वायरचा साधा स्कॅनर. हजार-दीड हजारात येतो. गेमच्या खोक्यांवर उभ्या रेघांचाच बारकोड असतो, त्यामुळे क्यूआर वाचणारं महागडं मॉडेल घेण्यात अर्थ नाही. शंभराच्या वर खोकेबंद डिस्क असतील तर पैसे वसूल. घरात नुसत्या सुट्या कॅसेटच असतील तर घेऊच नका.

संगणकाला तो कीबोर्ड वाटतो. ड्रायव्हर लागत नाही. कर्सर असेल तिथे आकडा उमटतो आणि पाठोपाठ एंटर बसतो. पहिली फसगत इथेच. एक्सेलचा रकाना आहे तसा ठेवला तर १३ अंकी क्रमांक ‘ई+’ लावून आखडतो. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या अमेरिकी खोक्यांवरचा क्रमांक ०४५४९६ ने सुरू होतो, त्याचं पुढचं शून्य तर गायबच होतं. म्हणून पहिल्या स्कॅनच्या आधी अख्खा रकाना ‘टेक्स्ट’ करा. मागाहून केलं तर उडालेलं शून्य परत येत नाही. शिवाय १२ अंकी अमेरिकी क्रमांकाला काही स्कॅनर पुढे शून्य लावून १३ अंकी करतात, काही नाही. सोबतच्या पुस्तिकेतला सेटिंगचा बारकोड स्कॅन करून एकच पद्धत पक्की करा, नाहीतर मोबाइलवरून भरलेली आणि स्कॅनरने भरलेली नोंद एकाच गेमची असूनही यादीत वेगवेगळी दिसेल.

पीएस२ (सोनीचं प्लेस्टेशन २) च्या खोक्यावरचं चकचकीत प्लास्टिक किरण थेट परतवतं. स्कॅनर जरा तिरका धरला की वाचतो. आयातदाराचा एमआरपी स्टिकर बारकोडवर बसला असेल तर तो खरवडू नका. गेम इथल्या दुकानात विकायला आला होता याची तीच खूण, तिला वेगळा रकाना द्या. अशा वेळी डिस्कवरचा कोड घ्यायचा.

खरं तर सोनीच्या डिस्कबाबत हा कोड बारकोडपेक्षा जास्त बोलतो. एसएलईएस किंवा एससीईएस म्हणजे युरोपची पाल (तिथल्या टीव्हीच्या पद्धतीची) आवृत्ती, एसएलयूएस म्हणजे अमेरिकेची. आपल्याकडे अधिकृत माल पालचा. पीएस१ वरच्या फायनल फँटसी ७ च्या तीन डिस्कना ००८६७, १०८६७, २०८६७ असे तीन कोड आहेत, खोक्यावर बारकोड मात्र एकच. स्कॅनरने टिक केलं म्हणजे तिन्ही डिस्क आत आहेत असं नाही. खोकं उघडून मोजा.

सुट्या कॅसेटपुढे स्कॅनर हात टेकतो, कारण बारकोड खोक्यावर होता आणि खोकी केव्हाच रद्दीत गेली. निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेमबॉयच्या कॅसेटच्या लेबलवर डीएमजीने सुरू होणारा कोड असतो, तो टाइप करा. गेमबॉय अॅडव्हान्सच्या कॅसेटमध्ये पिनांच्या वर ‘निन्टेन्डो’ कोरलेलं दिसतं का, तेही बघा. नसेल तर नक्कल म्हणून नोंदवा. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरला ‘बॅटरी’ असा रकाना हवाच, कारण सेव्ह, म्हणजे जिथवर खेळलो ती नोंद, आतल्या सीआर२०२५ सेलवर टिकतो, सेल मेला की खेळ पहिल्यापासून. पोकेमॉनच्याच रूबी-सफायरचा सेल संपला तर फक्त घड्याळ थांबतं.

राहिल्या ‘९९९९ इन १’ वाल्या ६० पिनांच्या कॅसेट, म्हणजे नव्वदीतल्या आपल्या घरांतला खरा माल. यांना ना बारकोड, ना कोड, आणि लेबल धादांत खोटं. मशीनला लावा, मेनूचा फोटो काढा, नाव बदलून पुन्हा आलेले गेम वगळून मोजा आणि स्वतःचा क्रमांक द्या. मोजदाद कंटाळवाणी आहे, पण बाजारातल्या कुठल्याही अॅपमध्ये ही माहिती तयार मिळण्याची आशा धरू नका.

तो क्रमांक थर्मल प्रिंटरच्या स्टिकरवर छापून कॅसेटला मात्र चिकटवू नका. छपाई फिकी पडते, आणि खाडीकाठच्या ठाण्यातल्या दोन पावसाळ्यांनंतर डिंक मूळ लेबलसकट निघतो. कॅसेट झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि क्रमांक पिशवीवर मार्करने.