लहान मुलासाठी चित्रपुस्तक घेताना: मूळ मराठी, अनुवादित, द्विभाषिक, इंग्रजी की मोबाईलवरचं?

घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे, त्याला पुस्तकं आणायची आहेत, पण नेमकी कोणती ते ठरत नाही, अशा आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी हा आढावा. अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात शिरलं की डोळे भिरभिरतात. फळं-भाज्या-प्राण्यांची गुळगुळीत पुस्तकं, तीनशे पासष्ट गोष्टींचे जाडजूड खंड, परदेशी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, मराठीतली पातळ, देखणी चित्रपुस्तकं. शिवाय खिशातल्या मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या गोष्टी आहेतच.

आमच्या सोसायटीच्या बालवाचनालयात मी शनिवारी मुलांबरोबर वाचते. तिथे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "ह्यातून मूल काय शिकेल?" असा असतो. पुस्तक निवडताना मी मात्र दुसरंच बघते: हे उघडल्यावर मूल आणि मोठं माणूस एकमेकांशी किती बोलतील? हा काही माझा हट्ट नाही. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले आणि दोघांनाही महिनाभर घरी वाचून दाखवायला सांगितलं. एका गटाने नेहमीसारखं वाचलं. दुसऱ्याला शिकवलं होतं की 'हो-नाही'वर भागणार नाही असे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा, आणि त्याला बोलायला वेळ द्या. महिन्याअखेर दुसऱ्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. वाचन दोन्हीकडे झालं होतं, फरक पडला तो गप्पांमुळे. तेव्हा खालच्या सगळ्या जोड्या मी ह्याच मापाने मोजल्या आहेत.

नावांची पुस्तकं की गोष्टीची?

पांढऱ्या पानावर एक आंबा, खाली 'आंबा'. अशी पुस्तकं स्वस्त असतात, आहेरात हमखास येतात, आणि दीड वर्षाच्या मुलाला ती आवडतातही. एखादं जरूर असू द्या. पण त्यांच्याभोवतीचं बोलणं फार लवकर आटतं. "हे काय? आणि हे काय?" इतकंच उरतं, आणि पाहुण्यांसमोर तर त्याची तोंडी परीक्षाच होते. खऱ्या आंब्याला वास असतो, चीक असतो, तो घरंगळतो. नावं शिकवायला स्वयंपाकघर आणि मंडई पुरेशी आहे.

तीनशे पासष्ट गोष्टींच्या खंडाबद्दल एवढंच सांगते की ते चित्रपुस्तक नव्हे. पानभर मजकूर, कोपऱ्यात एक चित्र आणि शेवटी तात्पर्य. त्यातल्या गोष्टी तुम्ही वाचा आणि रात्री दिवा मालवून तोंडी सांगा, त्या तशाच रंगतात. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्र सांगतं. मजकूर म्हणतो 'सगळे झोपले', आणि चित्रात पांघरुणाखाली दोन डोळे उघडे असतात. मुलाला ते आधी दिसतं, कारण आपण अक्षरं वाचत असतो आणि ते चित्र वाचत असतं.

मूळ मराठी, अनुवादित, द्विभाषिक, इंग्रजी

बहुतेक पालक अडतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

मूळ मराठी चित्रपुस्तकांत माझं पहिलं बोट ज्योत्स्ना प्रकाशनाकडे आणि त्यातही माधुरी पुरंदरे यांच्याकडे जातं. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र एकाच घरातले वाटतात. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने बिग लिटल बुक पुरस्कार सुरू केला तेव्हा, २०१६ साली, लेखनासाठीचा पुरस्कार त्यांनाच मिळाला. त्यांच्या 'राधाचं घर' ह्या संचात एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. वाचताना तीन वर्षांचं मूल हमखास मधेच तोडून सांगतं, "माझे आबापण असेच घोरतात!" पुस्तक तिथे थांबवावं आणि आबांच्या घोरण्याबद्दल पोटभर बोलून घ्यावं. वाक्यं बोलीतली असल्यामुळे वाचणाऱ्याचा आवाज बदलत नाही, गप्पा मारता मारता वाचतोय असंच वाटतं.

मूळ मराठीची उणी बाजूही आहे. एकूण पुस्तकं कमी, दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तर फारच कमी. शिवाय पुष्कळ पुस्तकांतलं घर शहरी आणि मध्यमवर्गीय असतं. मासेमारी करणाऱ्या घरातलं, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं किंवा चाकांच्या खुर्चीत बसणारं मूल त्यांत शोधावं लागतं.

ही कसर अनुवादित पुस्तकं बरीचशी भरून काढतात. बंगळुरूची प्रथम बुक्स ही संस्था २००४पासून अनेक भारतीय भाषांत स्वस्त चित्रपुस्तकं काढते, त्यांत मराठी आहेच. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकंही खिशाला परवडतात. विषयांची रेंज मोठी आहे, देशाच्या सगळ्या टोकांची माणसं भेटतात, चित्रकारही तऱ्हेतऱ्हेचे. मात्र भाषा एकसारखी नसते. काही अनुवाद इतके सहज उतरतात की अनुवाद असल्याचं लक्षातही येत नाही. काहींत मात्र चार वर्षांची नायिका आईशी बातम्या दिल्यासारखी बोलते. उपाय सोपा आहे. दुकानातच एक पान मोठ्याने वाचा. वाचताना तुमची जीभ दोनदा अडली तर पुस्तक खाली ठेवा. चित्रं फारच सुंदर असली तर घ्या, पण मग मजकूर बाजूला ठेवून आपल्या शब्दांत सांगायची तयारी ठेवा.

हे आपल्या शब्दांत सांगणं पुष्कळांना चुकीचं वाटतं, छापलंय तसंच वाचलं पाहिजे असा एक धाक मनात असतो. तो सोडून द्या. घरात मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलत असाल तर गोष्ट त्या बोलीत सांगा. प्रमाण मराठी शाळेत भेटणारच आहे. आजीच्या बोलीत चित्रातला कोल्हा बोलायला लागला की मूल जे हसतं, ते छापील वाक्याने हसत नाही.

द्विभाषिक पुस्तकांत चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं नाव आधी घ्यायला हवं. एकाच पानावर इंग्रजी आणि एक भारतीय भाषा, अशा त्यांच्या जोड्यांत मराठीही आहे. वरवर पाहता हा सगळ्यांत शहाणा पर्याय वाटतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. दोन्ही भाषा वाचता येणारे पालक हळूहळू एकाच भाषेकडे झुकतात, बहुधा इंग्रजीकडे, आणि दुसरी नुसती पानावर उरते. ह्या पुस्तकांचा खरा उपयोग होतो तो घरातल्या एकाला देवनागरी वाचता येत नसेल तेव्हा. आई मराठी आणि बाबा तमीळ, किंवा मूल न्यू जर्सीत वाढतंय आणि आजी सुट्टीत आलीय, अशा घरात तेच पुस्तक दोघंही आपापल्या भाषेत वाचू शकतात. तिथे ते घ्याच.

राहिली इंग्रजी. परदेशी पुठ्ठ्याची पुस्तकं छपाईत आणि कल्पकतेत खरोखर उत्तम असतात: झडप उचलली की खाली मांजर, पानाला भोक आणि त्यातून पुढचं पान दिसतंय. किंमत मराठी पुस्तकाच्या कितीतरी पट. पण माझी हरकत किमतीला नाही. जे आईबाबा एरवी इंग्रजीत गप्पा मारत नाहीत, ते इंग्रजी पुस्तक वाचताना छापील ओळ वाचतात आणि गप्प होतात. "अगं, बघ बघ, ह्याच्या शेपटीला काय लागलंय!" हे आपोआप तोंडून येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे म्हणून आत्तापासून इंग्रजी पुस्तकं, असं करू नका. गोष्ट ऐकायची, प्रश्न विचारायचा, पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, ही सवय मराठीत लागली तरी पुढे इंग्रजी वाचताना कामी येते. घरात इंग्रजी पुस्तक असेलच तर चित्रं दाखवत ते मराठीत सांगा. फक्त यमकांवर उभं असलेलं पुस्तक त्यासाठी निवडू नका, यमक गेलं की त्यात फारसं काही उरत नाही.

शब्द असलेलं की बिनशब्दांचं?

"ह्यात तर काही लिहिलेलंच नाही!" असं म्हणून पालक जी पुस्तकं परत ठेवतात, ती मी पुढे करते. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' हे त्यातलं सहज मिळणारं नाव. अशा पुस्तकांत गजबजलेली मोठमोठी चित्रं असतात आणि वाचायचं ते चित्रच.

आमच्याकडे बाजाराचं दोन पानभर चित्र असलेलं एक पुस्तक आहे. साडेतीन वर्षांचा एक मुलगा त्यावर पालथा पडून बघत होता.

"मावशी, ह्या काकूंची पिशवी फाटलीय."

"अरे हो. मग आता?"

"टोमॅटो पडला. कुत्रा खाणार."

"कुत्रा टोमॅटो खातो?"

बराच विचार झाला. "नाही खात. तो काकूंना नेऊन देणार. मग काकू त्याला बिस्किट देणार."

चित्रात बिस्किट कुठेच नाही. ती गोष्ट त्याची त्याने रचली, आणि पुढच्या शनिवारी आल्या आल्या तेच पान काढून एका लहान मुलीला ऐकवली. ज्या घरात आजीला लिहितावाचता येत नाही, तिथे बिनशब्दांचं पुस्तक सगळ्यांत आधी घ्या. आजी आणि नातू त्या पानासमोर अगदी बरोबरीने बसतात. उलट वाचणाऱ्याला आपल्या मनाने बोलायचा संकोच वाटत असेल, तर दर पानावर दोन-तीन ओळी असलेलं पुस्तक बरं. तेवढा आधार पुरतो.

छापील की मोबाईलवर?

प्रथम बुक्सनेच २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केलं. मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी तिथे मोफत आहेत. खुल्या परवान्यामुळे त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, अनुवादितही करता येतात. इतकी मोठी सोय मराठी पालकांना आधी कधीच नव्हती. तिथे गोष्टींना चार स्तर दिलेले असतात. पहिल्या स्तरात साधारण अडीचशे शब्दांपर्यंत, चौथ्यात दीड हजारांच्या पुढे. हे स्तर मुलाने स्वतः वाचण्यासाठी आहेत, हे लक्षात ठेवा. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर चार वर्षांचं मूल दुसऱ्या स्तराची गोष्ट आरामात ऐकतं.

पण मुलाच्या हातात मोबाईल देऊन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीत दोन वर्षांचं होईपर्यंत स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं, असं म्हटलं आहे. त्याहून रोजचा त्रास असा की चित्रावर बोट ठेवायला जावं तर पान सरकतं. वरून मेसेज टपकतो. मुलाला आठवतं की ह्याच डबीत कार्टूनही आहे, आणि गोष्ट तिथेच संपते. तेव्हा मोबाईलचा उपयोग तुम्ही निवडीसाठी करा. रात्री चार गोष्टी स्वतः वाचून बघा, आवडलेली छापील मिळत असेल तर मागवा, नाहीतर घरच्या प्रिंटरवर काळी-पांढरी छापून मध्ये शिवा. रंग मुलं भरतील. अंगणवाडीत किंवा वाचनालयात पंधरा-वीस मुलं समोर असतील तर मात्र तीच गोष्ट भिंतीवर मोठी करून दाखवणं छापील पुस्तकापेक्षा सरस ठरतं, मागच्या मुलालाही मुंगी दिसते.

कागद, पिन आणि अक्षर

मूल वर्षाच्या आतलं असेल तर कापडी किंवा पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या, कारण ते तोंडात जाणारच. चघळून पुठ्ठ्याचे कोपरे फुगतात, पण पुस्तक टिकतं. स्वस्त पातळ पुस्तिकांना मधोमध तारेची पिन असते. ह्या वयात ती सुटून तोंडात जाण्याची भीती असते, म्हणून त्या मोठ्यांच्याच हातात राहू द्या. अडीच-तीननंतर मात्र पिनेचंच पुस्तक सोयीचं, ते सपाट उघडतं. कडेला डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकात दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग खाचेत जातो, आणि नेमका तिथेच ससा लपलेला असतो.

गडद चित्रावर बारीक अक्षरात छापलेला मजकूरही तपासा. देवनागरीत मात्रा आणि रफार चित्रातल्या पानाफांद्यांत मिसळून जातात, रात्री पिवळ्या दिव्यात तर काही दिसत नाही.

हजार रुपयांत काय घ्यावं?

मूल तीनच्या आसपासचं आहे असं धरून मी असं करेन: एक बिनशब्दांचं मोठं पुस्तक, दोन-तीन मूळ मराठी, आणि उरलेल्या पैशांत अनुवादित पुस्तिका, जितक्या येतील तितक्या. अनुवादित पुस्तिका शंभराच्या आत मिळतात, तेव्हा फाटली तर जीव हळहळत नाही आणि मुलाला "नीट धर, फाटेल" असं सतत बजावावंही लागत नाही. इंग्रजी झडपांचं पुस्तक कुणी भेट देणार असेल तर आनंदाने घ्या.

गावात किंवा वॉर्डात सार्वजनिक वाचनालय असेल तर खरेदीच्या आधी तिथे जा. बालविभागातली चित्रपुस्तकं पुष्कळदा कपाटात कुलूपबंद असतात, ती उघडून द्यायला सांगा, आणि मुलालाच निवडू द्या. त्याने निवडलेलं पुस्तक तुम्हाला रटाळ वाटलं तरी घरी न्या. आणि परत करायच्या दिवशी मूल जे पुस्तक पोटाशी धरून बसेल, ते विकत घ्या.