कुत्र्याचा कान, मांजराची खाज: जवळचा दवाखाना, परळ की घरी डॉक्टर?

जुलैत आमचा चिकू डावा कान झटकायला लागला. लॅब्रॅडॉर, वय सात, वजन तीस किलो, लोंबते कान आणि वर मुंबईचा पावसाळा. कानाच्या पाळीखाली ओल साचते, हवा लागत नाही, आणि यीस्ट वाढायला एवढं पुरतं. तपकिरी मळ, आंबूस वास, रात्रभर डोकं हलवणं. दुखणं किरकोळच, पण या एका कानापायी दोन वर्षांत मी सगळे दरवाजे ठोठावले आणि प्रत्येक वेळचा खर्च वहीत लिहून ठेवला. तुमच्याकडेही असंच लहानसं दुखणं असेल आणि कुठे जावं ते ठरत नसेल, तर हा हिशेब उपयोगी पडावा.

आधी एक गोष्ट. जनावर खातंय, पितंय, शेपूट हलवतंय, तरच दुखणं किरकोळ. हिरड्या पांढऱ्या पडल्यात, उलट्या थांबत नाहीत, गोचीड चावल्यावर ताप येऊन ते मलूल पडलंय किंवा बोका लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, तर पुढचं वाचू नका. जो दवाखाना जवळ आणि उघडा असेल तो गाठा. बोक्याची लघवी तुंबली तर दोन दिवसांत जिवावर बेततं.

जवळचा खासगी दवाखाना

आम्ही गोरेगावात राहतो, दवाखाना चालत दहा मिनिटांवर. या वेळचं बिल असं झालं: तपासणी ७०० रुपये, कानातला स्वॅब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे ५००, कान साफ करायचे ४००, थेंबांचे ५२०. एकूण २,१२० रुपये. (पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या उपचारसेवेला जीएसटी माफ आहे. तपासणीच्या फीवर कर लावलेला दिसला तर विचारा.)

एवढं बिल पाहिलं की पहिल्यांदा स्वॅबचेच पाचशे वाचवावेसे वाटतात. माझं ठाम मत आहे की काहीही वाचवा, हे पाचशे वाचवू नका. बाहेरून सारखाच दिसणारा कान आत यीस्टने, जिवाणूंनी किंवा माइट्समुळे (डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे) बिघडलेला असू शकतो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. शिवाय डॉक्टर आत दिवा घालून पडदा शाबूत आहे का ते बघतात. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानात उतरलं, तर ऐकू येणं आणि तोल दोन्ही जाऊ शकतात.

मागच्या वर्षी मी नेमकं हेच टाळलं होतं. फ्रिजवर उरलेली जुनी बाटली होती, तीच घातली. तीन आठवडे चिकू कान खाजवून रक्त काढत होता. शेवटी तीन फेऱ्या झाल्या, गोळ्यांचा कोर्स झाला आणि पाच हजारांवर खर्च गेला. पैशांपेक्षा त्याने सोसलेलं जास्त लागलं मनाला.

परळ

जुने मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणिक्लेश निवारण संस्थेचं हे धर्मादाय काम. शेजारी १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इथला केसपेपर आणि तपासणी खासगीच्या मानाने खूपच स्वस्त.

पण माझ्या वहीत परळची फेरी स्वस्त पडलेली नाही. वांद्र्याच्या पुढे रिक्षा जात नाही, म्हणजे टॅक्सी आली. तीस किलोचा कुत्रा बघून दोन टॅक्सीवाले नाही म्हणाले, तिसऱ्याने नेलं. जाऊन-येऊन १,२०० रुपये आणि अर्ध्या दिवसाची रजा. रांगेत चिकू थरथरत होता. शिवाय दुसऱ्या वेळी तेच डॉक्टर भेटतील असं नाही, आणि कानाच्या दुखण्यात आधीचा कान पाहिलेला माणूस असणं महत्त्वाचं.

तुम्ही लालबाग, शिवडी, दादर, वडाळा या बाजूला राहत असाल तर मात्र गणित उलटं होतं. तिथून मी निःसंकोच परळलाच गेले असते. महिनाअखेरीस हात तंग असेल तरीही जावं, त्यात कमीपणा काही नाही. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटांचं मोठं रुग्णालय सुरू झालंय. शस्त्रक्रिया, स्कॅन, गुंतागुंतीचं निदान असेल तर ते आहे. साध्या कानासाठी तिथवर जायचं कारण नाही.

घरी येणारे डॉक्टर, आणि व्हिडिओ

घरभेटीचे आम्ही १,५०० दिले. पिंजरा दिसला की पलंगाखाली दडी मारणारं मांजर असेल किंवा जिना उतरता न येणारा म्हातारा कुत्रा, तर हे पैसे सार्थकी लागतात. आमच्या मजल्यावरच्या काकूंची मनी आणि चिकू एकाच भेटीत दाखवले, तेव्हा खर्च वाटला गेला. फक्त फोनवरच विचारा की स्वॅब घेऊन तपासायची सोय आहे का. डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर कानाच्या आतलं काही दिसत नाही. खाजेचा चट्टा सुकतोय का, एवढं दाखवायला तो पुरतो.

चिठ्ठी आणि औषधं

खरी बचत इथे आहे, आणि ती चिठ्ठी नीट असेल तरच होते. एका दवाखान्यात मला कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या मिळाल्या होत्या, वर नाव नाही, चिठ्ठी नाही. पुढच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काय दिलं होतं? मला सांगता आलं नाही. ते स्टिरॉइड असतं आणि वर वेदनाशामक दिलं असतं, तर पोटात अल्सर व्हायचा धोका होता.

म्हणून आता मी आग्रहाने चिठ्ठी लिहून घेते. औषध कायद्याच्या नियमांप्रमाणे चिठ्ठीवर तारीख, सही, औषधाचं प्रमाण आणि जनावरासाठी असेल तर मालकाचं नाव-पत्ता हवा. मी आणखी दोन गोष्टी मागते: औषधाचं मूळ नाव (कंपनीच्या ब्रँडचं नाही, आतल्या औषधाचं) आणि कुत्र्याचं वजन. दिलेल्या इंजेक्शनचं नावही त्यावरच.

मूळ नाव मिळालं की डॉक्टरांना विचारता येतं, हे माणसांच्या मेडिकलमधून आणलं तर चालेल का? अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट, डॉक्सिसायक्लिन, सेटिरिझिन ही औषधं दोन्हीकडे वापरतात. जनऔषधी केंद्रात ती ब्रँडपेक्षा बरीच कमी किमतीत मिळतात. तीस किलोच्या कुत्र्याला माणसांच्या गोळीची ताकद बहुधा जुळते. चार किलोच्या मांजरासाठी त्याच गोळीचे तुकडे करणं म्हणजे अंदाजपंचे, तिथे प्राण्यांसाठीचं औषधच घ्यावं. मांजराला डॉक्सिसायक्लिन दिल्यावर लगेच थोडं पाणी पाजायचं, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. कानाच्या थेंबांत सहसा दोन-तीन औषधं एकत्र असतात, ते केमिस्टच्या सांगण्यावरून बदलू नका.

आणि घरच्या डब्यातलं औषध नको. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात. काही सिरपमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर झपकन उतरवतं.

या जुलैत मी जवळचाच दवाखाना निवडला, गोळ्या जनऔषधीतून आणल्या, थेंब डॉक्टरांकडचे घेतले. पाचव्या दिवशी कान स्वच्छ दिसायला लागला. तरी थेंब बंद केले नाहीत. चौदाव्या दिवशी पुन्हा स्वॅब दिला, आणि काचेवर काही उरलं नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हाच बाटली टाकून दिली.