दवाखान्यातलं ई-प्रिस्क्रिप्शन सॉफ्टवेअर: काही महिने वापरल्यानंतर

नाशिकच्या सिडकोत माझी जनरल प्रॅक्टिस आहे. सातपूर-अंबडचे कामगार, त्यांची मुलं, शिवाय दिंडोरी-निफाडकडून येणारे जुने पेशंट. गेल्या उन्हाळ्यापासून सगळ्या चिठ्ठ्या सॉफ्टवेअरवरच लिहितोय. अक्षर वाचता येतं, जेनेरिक नाव (ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव) छापून येतं, हे कुणीही सांगेल. मला पेशंटच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे तेवढंच लिहायचंय.

सगळ्यात मोलाचं म्हणजे मेथोट्रेक्झेट. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड सोलतं, रक्तपेशी तयार होणं मंदावतं, माणूस दगावूही शकतो. इथे हे औषध निवडलं की 'रोज' हा पर्यायच येत नाही. वार टाकल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही. एका आजींनी बुधवार ठरवून घेतला. गोदाघाटावर बाजार भरतो, म्हणून तो वार त्यांच्या पक्का लक्षात राहतो. चिठ्ठीवर ठळक मराठीत येतं, 'फक्त बुधवारी. रोज घेऊ नये.' १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) ची भाषा सगळ्यांना कळतेच असं नाही, त्यामुळे पूर्ण मराठी वाक्याचा हा फायदा मला फार मोठा वाटतो.

दुसरं, कॉम्बिनेशनच्या गोळ्या, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा १५६ मिश्रणांवर बंदी घातली, तरी बाकीची मिश्रणं बाजारात अजून भरपूर आहेत. अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाला तर वेगळी गोळी असतेच. तिन्हींची नावं निराळी. सॉफ्टवेअर घटक सुटे करून दिवसाची बेरीज दाखवतं. संध्याकाळच्या गर्दीत ही बेरीज कोण करत बसणार?

लहान मुलांचा डोस वजनावरून निघतो. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅचं मिळतं आणि २५० चंही. १० किलोच्या बाळाला पहिलं साधारण ६ मिली लागतं, दुसरं ३ मिली. म्हणून सिरपची ताकदही चिठ्ठीवर छापली जाते, म्हणजे मेडिकलवाल्याने बाटली बदलली तर लक्षात येतं. एक उणीव मात्र गंभीर आहे: मागच्या भेटीचं वजन सॉफ्टवेअर काही न विचारता तसंच उचलतं. कंपनीला कळवलंय, अजून सुधारणा नाही. तोवर केसपेपर काढतानाच वजन करायचं, असं रिसेप्शनवर सांगून ठेवलंय.

आता अलर्ट, म्हणजे चिठ्ठी लिहिताना स्क्रीनवर येणाऱ्या धोक्याच्या सूचना. सुरुवातीला वैताग आला होता. किरकोळ सूचना आणि जिवावरचा धोका, दोन्ही एकाच लाल रंगात. असं झालं की बोट आपोआप 'ओके'वर जातं आणि खरा धोकाही त्यातच निघून जातो. सेटिंगमध्ये जाऊन किरकोळ सूचना बंद केल्या. गंभीर तेवढ्या ठेवल्या, आणि त्या ओलांडायच्या तर कारण लिहावंच लागतं. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही बीपीची औषधं चालू असलेल्या पेशंटला गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक लिहायला गेलं की ते थांबवतं. ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर ताण येतो. त्यात उन्हाळा, द्राक्षबागेतलं काम, पोटात पाणी कमी. हा अलर्ट मी कधीच बंद करणार नाही.

पण दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं औषध नोंदवलंच नाही तर सॉफ्टवेअरला काय कळणार? म्हणून पेशंटला घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणायला सांगतो. बीपी-शुगरच्या पेशंटची यादी अशी एकदा नीट भरली की पुढे काम सोपं होतं.

घ्यायचा विचार असेल तर डेमोच्या वेळी दोन गोष्टी स्वतः करून बघा. मेथोट्रेक्झेट रोजचं लिहून बघा. मग पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आधी यादीतून निवडून आणि नंतर नुसती नोट म्हणून टाइप करून, दोन्ही वेळा अमॉक्सिसिलीन-क्लॅव्हुलॅनेट हे पेनिसिलीनच्याच गटातलं औषध ब्रँडच्या नावाने लिहा आणि अलर्ट येतो का बघा. माझ्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये नोट म्हणून टाइप केलेल्या अ‍ॅलर्जीवर अलर्ट येतच नाही.