दादरला घेतलेलं बुद्धिबळाचं घड्याळ
लेकीच्या स्पर्धांसाठी दादर स्टेशनजवळच्या एका दुकानातून डिजिटल घड्याळ घेतलं. दर चालीला 30 सेकंद वाढवून देणारंच हवं होतं. 2024 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेश आणि डिंग लिरेन यांना पहिल्या 40 चालींसाठी 120 मिनिटं होती, ही वाढ 41 व्या चालीपासून. तशी वेळही यात नीट लावता येते. लेक काळ्याकडून सिसिलियन नावाची सुरुवात खेळते, बाराव्या-पंधराव्या चालीलाच वेळ खाते. शेवटी हे सेकंदच तिचा डाव वाचवतात. कळ दाबली की टक् होतं, बोटाला कळतं, फार आवडलं. आकडे मात्र तिरके बघितले की पुसट दिसतात. आणि दुकानदाराने सेल दिलेच नव्हते, सांगितलंही नाही. रविवारी पहिल्या फेरीआधी धावत जाऊन आणले.