आयोवा रायटर्स वर्कशॉप: दोन वर्षं लिहायला मिळतात, पण इंग्रजीतच

लेखन शिकवता येत नाही, लिहिणाऱ्याला बळ मात्र देता येतं, असं आयोवा रायटर्स वर्कशॉप ही संस्था स्वतःच सांगते. तेव्हा ‘तिथे कथा लिहायला शिकवतात का?’ याचं उत्तर नाही असंच आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची ही वर्कशॉप १९३६ पासून चालू आहे. सर्जनशील लेखनाची पदवी देणारा अमेरिकेतला पहिला अभ्यासक्रम हाच. इथे मिळतं ते असं: चार सत्रांचा वेळ, पोटापाण्याची सोय आणि दहा-पंधरा चिकित्सक वाचक. शेवटी हातात एमएफए, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स ही पदव्युत्तर पदवी. त्यातला वेळ सगळ्यात मोलाचा, पदवी सगळ्यात कमी.

प्रवेश गद्य किंवा कविता, कोणत्या तरी एकाच विभागात. दोन्हीकडे वर्षाला प्रत्येकी साधारण पंचवीस जागा, आणि एकट्या गद्यासाठी अर्ज हजाराच्या वर. शिफारसपत्रं, गुणपत्रिका, इथे का यायचंय हे सांगणारं उद्देशपत्र सगळं मागतात, पण निकाल लागतो हस्तलिखितावर. म्हणून उद्देशपत्र घासूनपुसून लिहिण्यात महिना घालवू नये. तो महिना कथेच्या पहिल्या तीन पानांवर घालावा, कारण ढीगभर हस्तलिखितं वाचणारा माणूस तिथेच पुढे जायचं की नाही हे ठरवतो. पानांची मर्यादा गाठण्यासाठी दोन चांगल्या कथांना तिसरी कच्ची जोडणं ही नेहमीची चूक. वाचणाऱ्याच्या लक्षात कच्चीच राहते.

आठवड्यातून एकदा वर्ग भरतो. दोघातिघांचं लेखन आधी सगळ्यांना वाटलेलं असतं; प्रत्येकाने ते वाचून, समासात खुणा करून, लेखकासाठी लेखी टिपण घेऊन यायचं. मग चर्चा. रूढ पद्धतीत तेवढा वेळ लेखकाने तोंड उघडायचं नाही. हे जाचक वाटतं, पण त्यात तथ्य आहे: पुस्तक छापलं की खुलासा करायला लेखक वाचकाशेजारी बसलेला नसतो.

बिघडतं ते यानंतर. बारा टिपणं घेऊन घरी आलेला लेखक बाराही जणांना खूश करायला बसतो आणि कथेतला विक्षिप्तपणा, म्हणजे बहुतेकदा तिचा जीवच, घासून टाकतो. त्यापेक्षा टिपणं आठवडाभर बाजूला ठेवावीत. मग तिघेचौघे एकाच परिच्छेदाशी अडखळले असतील तर ती जागा खरोखर कच्ची आहे असं धरावं, पण त्यांनी सुचवलेला उपाय मात्र बिनदिक्कत सोडून द्यावा. दुखतं कुठे हे वाचकाला कळतं. औषध त्याला क्वचितच ठाऊक असतं.

कादंबरीला ही पद्धत विशेष मानवत नाही. सातवं प्रकरण वाचणाऱ्याने पहिली सहा वाचलेली नसतात, किंवा चार महिन्यांपूर्वी वाचलेली असतात. मग चर्चा घसरते वाक्यांवर आणि रचनेचा प्रश्न तसाच राहतो. कादंबरीवाल्याने सोबत पानभराचा गोषवारा द्यावा. त्याहून बरं म्हणजे वर्गातले दोन विश्वासू वाचक हेरून पूर्ण मसुदा त्यांनाच वाचायला द्यावा. आपल्याकडच्या लेखकाची आणखी एक अडचण: कथेत सोवळं, बलुतं, वाटणीचा दावा आला की ‘हे जरा समजावून सांगा’ अशी टिपणं येतात. प्रत्येकाला उत्तर देत गेलं की कथेचं माहितीपत्रक होतं.

पैशांच्या बाबतीत आयोवाला पैकीच्या पैकी गुण. निवड झालेल्या सगळ्यांनाच शिक्षणशुल्काची मदत आणि पाठ्यवृत्ती मिळते. बऱ्याच जणांना त्या बदल्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा वर्ग शिकवावा लागतो, आणि त्यांच्या वह्या तपासण्यात लेखनाचे तास जातात हे धरून चालावं. कर्ज काढून अमेरिकेत दुसरीकडे एमएफए करणं मात्र शहाणपणाचं नाही. भारतात प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा किंवा पीएचडीऐवजी ही पदवी चालत नाही, आणि प्रकाशक तर ती विचारतही नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्याने या दाराशी ताटकळू नये. हस्तलिखित इंग्रजीतच लागतं. त्याच विद्यापीठात साहित्यिक अनुवादाची वेगळी एमएफए आहे. मराठी पक्की आणि इंग्रजी धारदार असेल, तर तिथे मराठी हीच जमेची बाजू. दुसरी वाट याच विद्यापीठाच्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमची. १९६७ साली कवी पॉल एंगल आणि कादंबरीकार न्ये हुआलिंग यांनी तो सुरू केला, आणि सत्तरच्या दशकात दिलीप चित्रे तिथे होते. तो पदवी अभ्यासक्रम नाही, निवासी कार्यक्रम आहे: वर्ग नाहीत, परीक्षा नाही, आपल्या भाषेत लिहायची मुभा. फक्त तो नवोदितांसाठी नाही. नावावर प्रकाशित साहित्य आणि संवादापुरतं इंग्रजी लागतं. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याचं अनुदान काढून घेतलं, त्यामुळे प्रवास आणि राहण्याचा खर्च कोण करणार हे अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्यावं.