वंशमूळ सांगणारी डीएनए चाचणी: साडेसात हजारांत काय मिळाले?

सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेरला असलेले आईचे माहेर मुळात कुठून आले, यावर आमच्याकडे प्रत्येक लग्नात वाद रंगतो. तो एकदाचा मिटावा म्हणून मी साडेसात हजार रुपये भरून जळगावला हे किट मागवले. लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, एवढेच पथ्य होते. नळीतल्या द्रावणामुळे नमुना खराब होत नाही असे लिहिले होते, आणि आमच्या मे महिन्यातही तो झाला नाही. सात आठवड्यांनी अहवाल आला.

त्यातला आईकडच्या रेषेचा भाग उत्तम आहे. मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतला डीएनए, अपत्याला केवळ आईकडून मिळतो आणि त्यात क्वचित घडणारे बदल पिढ्यानपिढ्या साठत जातात. अशाच खुणा जुळवत संशोधक आफ्रिकेतून सुमारे ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी निघालेल्या माणसांच्या वाटेपर्यंत पोहोचले. माझा मातृगट, म्हणजे या खुणांवरून ठरणारा आईकडच्या रेषेचा गट, ‘एम’ निघाला. भारतात हाच सर्वाधिक आढळतो, त्यामुळे रावेरचा वाद जागच्या जागीच राहिला. तरीही चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी घडवणारी, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची माणसे आठवली आणि अहवाल पुन्हा एकदा सावकाश वाचला.

वंशाची टक्केवारी दाखवणाऱ्या रंगीत वर्तुळावर मात्र फार विसंबू नये. हे आकडे कंपनीकडे तुलनेसाठी कोणाचे नमुने आहेत यावर ठरतात. माझे आकडे तीन महिन्यांत, दुसरा नमुना न देताच, बदलले. बहुतेक भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडले, हे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवले होते. अहवालात त्याचा उल्लेखही नाही. नकाशावरचा बाण तर सारे घराणे एकाच वाटेने चालत आल्यासारखा काढला आहे. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि मातृरेषा त्यांतल्या एकीचीच असते.

खरी तक्रार विक्रीविषयी आहे. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलालाच मिळते, त्यामुळे स्त्रीच्या नमुन्यातून वडिलांची रेषा कळत नाही, हे पैसे भरण्यापूर्वी कुठेही सांगितलेले नव्हते. विचारणा केल्यावर भावासाठी दुसरे किट घ्यावे असे उत्तर आले. आईकडची रेषा त्याची आणि माझी एकच, मग निम्म्याच माहितीसाठी पूर्ण किंमत का, या माझ्या पत्राला अद्याप उत्तर नाही. भावाचे किट मागवलेले नाही.